डोळ्यावरील नागीण : पहिले तीन दिवस मोलाचे

नागीण हा आजार आपल्याकडे घरोघरी परिचित आहे. छातीवर किंवा कमरेवर एका बाजूला पट्ट्यासारखे उमटणारे पाणीदार फोड आणि त्यांची असह्य आग ही त्याची ओळख. हीच नागीण कपाळावर आणि पापणीवर उमटली, तर मात्र प्रश्न केवळ त्वचेचा राहत नाही. वेळीच उपचार न झाल्यास दृष्टी कायमची अधू होऊ शकते. नागिणीच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे १० ते २० टक्के रुग्णांत ती चेहऱ्याच्या या भागात होते. त्यांना विषाणूरोधक औषध मिळाले नाही, तर जवळपास निम्म्या जणांच्या डोळ्याला इजा पोहोचते.

या आजाराचे मूळ बालपणीच्या कांजिण्यांत असते. कांजिण्या बऱ्या झाल्या, तरी त्यांचा व्हॅरिसेला झोस्टर हा विषाणू शरीरातून नाहीसा होत नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींमध्ये अनेक दशके सुप्तावस्थेत राहतो. वाढत्या वयामुळे, मधुमेह, कर्करोग, एचआयव्ही यांसारख्या आजारांमुळे किंवा काही औषधांमुळे प्रतिकारशक्ती उणावली, की तो पुन्हा जागा होतो आणि त्याच मज्जातंतूच्या मार्गाने त्वचेपर्यंत येतो. सुप्त विषाणूच पुन्हा जागा होतो, हे सूत्र ब्रिटनमधील डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी १९६५ मध्ये मांडले.

प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरलेला असल्याने फोडही सहसा मध्यरेषा ओलांडत नाहीत. 'नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले, की माणूस दगावतो' या समजुतीला त्यामुळे वैद्यकीय आधार नाही. मात्र या भीतीपोटी मंत्र-तंत्र आणि लेप यांत जाणारा वेळ डोळ्याला महागात पडतो.

कपाळ, पापणी, नाक आणि नेत्रगोल यांची संवेदना मेंदूपासून निघणाऱ्या एकाच मज्जातंतूच्या शाखांकडे असते. म्हणून नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड दिसल्यास डोळाही बाधित होण्याची शक्यता बरीच वाढते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज शल्यचिकित्सक जोनाथन हचिन्सन यांच्या नावाने हे लक्षण आजही ओळखले जाते. अर्थात, नाकावर फोड नाहीत म्हणून डोळा सुरक्षित आहे, असे मात्र मानता येत नाही.

फोड येण्याच्या काही दिवस आधी कपाळाच्या एकाच बाजूला आग, ठणका किंवा मुंग्या जाणवतात. अनेकांना ती साधी डोकेदुखी वाटते. त्यानंतर फोड उमटतात, पापणी सुजते, डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही आणि अंधुक दिसू लागते. विषाणूमुळे पारपटलावर व्रण पडू शकतात, डोळ्याच्या आतील भागाला सूज येऊ शकते आणि दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. क्वचित प्रसंगी दृष्टिपटलालाही बाधा होते. पारपटलाची संवेदना नष्ट होणे हा त्यातील फसवा प्रकार आहे. अशा वेळी जखम असूनही ती दुखत नाही. त्यामुळे वेदना थांबल्या म्हणजे डोळा बरा झाला, असे समजणे धोक्याचे ठरते.

असायक्लोविर, व्हॅलासायक्लोविर किंवा फॅमसायक्लोविर या विषाणूरोधक गोळ्या हा उपचाराचा मुख्य आधार आहे. फोड उमटल्यापासून ७२ तासांच्या आत त्या सुरू झाल्यास सर्वाधिक लाभ होतो. मात्र ही मुदत टळली, तरी डोळ्याच्या नागिणीत उपचार टाळू नयेत. गोळ्या साधारणपणे सात ते दहा दिवस घ्याव्या लागतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टर मात्रा कमी करतात. स्टिरॉइडचे थेंब काही रुग्णांना आवश्यक असतात, परंतु नेत्रतज्ज्ञाने तपासल्याशिवाय ते घालणे घातक ठरू शकते. औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब आणणे म्हणूनच टाळावे. फोड सुकल्यानंतरही डोळ्याची तपासणी चालू ठेवणे गरजेचे असते, कारण सूज आणि दाबाच्या तक्रारी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही उद्भवू शकतात.

नागिणीच्या फोडांतील द्रवाशी संपर्क आल्यास, पूर्वी कांजिण्या न झालेल्या व्यक्तीला कांजिण्या होऊ शकतात. त्यामुळे खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवावेत, तसेच गर्भवती आणि तान्ही बालके यांच्यापासून रुग्णाने दूर राहावे.

या आजारावर प्रतिबंधक लसही उपलब्ध आहे. जिवंत विषाणू नसलेली ही लस भारतात ५० वर्षांवरील व्यक्तींसाठी २०२३ मध्ये दाखल झाली. तिच्या दोन मात्रा दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दिल्या जातात. या वयोगटातील चाचण्यांत तिने ९० टक्क्यांहून अधिक संरक्षण दिल्याचे आढळले. आधीच उमटलेल्या नागिणीवर मात्र ती उपचार नव्हे. कपाळाच्या एका बाजूला फोड दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणे, हाच दृष्टी वाचवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.