नावात दडलेला हुकूम
लेखांक ७

मागच्या आठवड्यात फायरवॉल वाहतूक कशी तपासतो ते पाहिलं. आज प्रश्न असा, की हा पहारेकरीच फितला तर?

फायरवॉलही शेवटी एक संगणकच. आतली पुष्कळशी किरकोळ कामं तो 'शेल'कडून करून घेतो. शेलपुढे ओळ ठेवली की तो ती हुकूम म्हणून पाळतो. तिच्यातलं काय प्रोग्रामरने लिहिलं आणि काय बाहेरून आलं, हे त्याला कळत नाही. अर्धविराम आला की एक हुकूम संपला, दुसरा सुरू. बाहेरच्या मजकुरातून असा हुकूम घुसवणं म्हणजे कमांड इंजेक्शन.

एप्रिल २०२४ मध्ये पालो अल्टो नेटवर्क्स या कंपनीच्या फायरवॉलमध्ये सापडलेला दोष मला फार बोलका वाटतो. बाहेरून काम करणाऱ्यांना कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये घेणारी 'ग्लोबलप्रोटेक्ट' ही त्यातली सेवा. लॉगिनच्या आधीच कुकीतून सेशन क्रमांक येई आणि फायरवॉल तो न पडताळता त्या नावाची फाइल तयार करी. हल्लेखोरांनी क्रमांकाच्या जागी फोल्डरचा मार्ग आणि एक हुकूम पाठवला. फाइल पूर्ण रिकामी, जे काही होतं ते नावात! मग कंपनीला तांत्रिक माहिती पाठवणारं नेमाचं काम ते नाव उचलून शेलच्या ओळीत जोडी आणि हुकूम थेट 'रूट'च्या, म्हणजे सर्वोच्च अधिकाराने चाले. पासवर्डची गरजच नाही. गांभीर्य १० पैकी १०.

'व्होलेक्सिटी' या सुरक्षा संस्थेने हा हल्ला १० एप्रिलला पकडला, पण मागचा माग काढल्यावर खुणा २६ मार्चपर्यंत गेल्या. माहिती पाठवणं बंद ठेवा, हा पालो अल्टो कंपनीचा एक तात्पुरता उपाय होता. तो पुरेसा नाही, हे काही दिवसांतच तिला सांगावं लागलं.

घातक चिन्हं गाळण्यावर माझा भरवसा नाही. मोकळी जागा गाळली, तरी तिचं काम शेलचंच एक व्हेरिएबल करून देतं. त्यापेक्षा शेलला मध्ये घेऊच नये. हवा तो प्रोग्राम थेट चालवावा आणि माहिती त्याला वेगळी द्यावी, म्हणजे अर्धविराम नुसता अर्धविराम राहतो. सेशन क्रमांकात ठरलेलीच अक्षरं आणि अंक चालतील, बाकी सगळं परत, हा नियमही हवाच.

फायरवॉल सांभाळणाऱ्यांनी पॅच आला की थांबू नये. २०२३ साली झायक्सेलच्या फायरवॉलमधल्या अशाच दोषावर २५ एप्रिलला पॅच निघाला होता. ११ मे रोजी डेन्मार्कमध्ये झालेल्या हल्ल्यात ऊर्जा क्षेत्रातल्या ११ कंपन्यांचे फायरवॉल हल्लेखोरांच्या हाती गेले. सोळा दिवस हातात होते.

पॅचने भोक बुजतं, आत शिरलेला मात्र बाहेर पडत नाही. पालो अल्टोच्या प्रकरणात हल्लेखोरांनी फायरवॉलची कॉन्फिगरेशन फाइलच पळवली होती. म्हणून आधी लॉगची प्रत काढून ठेवावी आणि घुसखोरीच्या खुणा दिसल्या तर फॅक्टरी रीसेट करावा. त्या फाइलमधले पासवर्ड, किल्ल्या, प्रमाणपत्रं सगळं बदलावं.

त्या खुणा लॉगमध्ये कशा ओळखायच्या, ते पुढच्या लेखांकात.