राणीबाग : आधी झाडं, मग प्राणी

भायखळ्याच्या राणीबागेत मुंबईकर पोरांना घेऊन जातात ते वाघ आणि आता पेंग्विन दाखवायला. पण ही बाग मुळात झाडांची. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते 'व्हिक्टोरिया गार्डन्स'चं उद्घाटन झालं, तेव्हा इथे पिंजरे नव्हते. शिवडीची जुनी बाग दफनभूमीसाठी गेली, म्हणून वनस्पतींना हे नवं घर मिळालं. १८७३ मध्ये कारभार महापालिकेकडे आला आणि प्राणिसंग्रहालयाची भर पडली ती १८९० मध्ये. १९६९ पासून बागेचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान.

माझा जीव जडलाय तो इथल्या उर्वशीवर. झाड मूळचं ब्रह्मदेशातलं. तिची कोवळी पानं तांबूस, मऊ, पाण्यातून काढलेल्या रुमालासारखी लोंबत असतात. नवख्याला वाटावं, झाड सुकलं. काही दिवसांत ती हिरवी होतात, ताठ होतात. फुलांचे लालभडक घोस खाली झुलतात आणि पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. पुढे गोरखचिंचेचा अवाढव्य बुंधा, आणि कैलासपती, ज्याची फुलं फांदीच्या शेंड्याला न येता थेट खोडावर येतात.

बागेलगतच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ सालचं. त्याच्या बाहेर उभा असलेला दगडी हत्ती घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो फुटला; तुकडे इथे आणून पुन्हा जोडले. फोर्टातला मूळ काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही १९६५ मध्ये इथेच आला.

२०१६ च्या जुलैत सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. पेरू-चिलीच्या थंड किनाऱ्यावरच्या या पक्ष्यांसाठी काचेआड सतत गारवा राखावा लागतो. गर्दी त्यांच्यापुढेच लोटते. पोरांचा आनंद खरा असतो, तरी मुंबईच्या उकाड्यात पेंग्विनना ठेवणं मला पटत नाही. त्याआधी, २००७ च्या सुमारास, बागेचा कायापालट करून आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय उभारायची योजना पुढे आली होती. जुन्या झाडांवर गदा येणार म्हणून काही नागरिक, त्यातही स्त्रिया, चिकाटीने लढल्या. एकेका झाडाची त्यांनी बाजू मांडली. आज या बागेत जी सावली उरली आहे, तिचं बरंचसं श्रेय त्यांचं.

जाणार असाल तर हिवाळा सरताना जा, उर्वशी तेव्हा फुलावर असते. पेंग्विनची रांग नंतर लावा. आणि बुधवार टाळा, त्या दिवशी बाग बंद असते.