तक्षशिलेची वाट आणि वसतिगृहाची खोली

बारावीचा निकाल लागून प्रवेशाची यादी जाहीर झाली की घराघरांतून पेटी, गादी आणि वसतिगृहाचे शुल्क यांची चर्चा सुरू होते. मुलाची तयारी होते. पालकाच्या मनाची तयारी सहसा कोणी करून देत नाही. या बाबतीत पाली वाङ्मयात विचार करण्याजोगी सामग्री आहे.

तिलमुट्ठि जातकात (क्रमांक २५२) वाराणसीचा राजा आपल्या सोळा वर्षांच्या पुत्रास तक्षशिलेस धाडतो. नगरात नामवंत आचार्य असतानाही राजे मुलांना दूरदेशी पाठवीत. त्यांचा अभिमान ओसरावा, थंडी-ऊन सोसण्याची सवय व्हावी आणि लोकव्यवहार कळावा, हा त्यामागील हेतू कथेतच सांगितला आहे. सोबत काय दिले? साध्या एकपदरी वहाणा, पानांची छत्री आणि आचार्यांच्या दक्षिणेसाठी एक हजार कार्षापणे. (जातकांतील गद्यकथा अट्ठकथेतील, म्हणजे उत्तरकालीन आहेत, आणि तक्षशिला हे आजच्या अर्थाने विद्यापीठ नसून तेथे आचार्यांची स्वतंत्र गुरुगृहे होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.) राजाजवळ द्रव्याची वाण नव्हती. तरीही शिक्षणाच्या खर्चात काटकसर नाही आणि सुखसोयींत उधळपट्टी नाही, असा विवेक त्याने केला.

पुढे हा राजपुत्र एका वृद्धेचे वाळत घातलेले तीळ मूठमूठ खातो. तिसऱ्या दिवशी ती तक्रार करते आणि आचार्य त्याला छडीने मारतात. शारीरिक शिक्षेचे समर्थन आज कोणी करणार नाही, करूही नये. मला लक्षणीय वाटते ते असे की, या साऱ्या प्रसंगात पित्याचा प्रवेशच नाही. मुलाची चूक, तिचा परिणाम आणि कालांतराने तिचा उमगलेला अर्थ हे सर्व घरापासून दूर घडते.

मग पालकाने करावयाचे काय? दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मातापित्यांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांपैकी शिल्प शिकविणे हे तिसरे, तर योग्य वेळी दायज्ज म्हणजे वारसा सोपविणे हे पाचवे. दायज्जाचा अर्थ संपत्ती हाच आहे. परंतु 'योग्य वेळी' ही अट मला अधिक मोलाची वाटते. व्यवहार सोपविण्यासही योग्य वेळ असते, आणि ती निघण्याच्या आदल्या रात्री येत नाही. बँकेचे खाते, जातीचा व उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज ही कामे घरी असतानाच मुलामुलींच्या हातून होऊ द्यावीत, पालकांनी शेजारी बसावे. शिष्यवृत्तीची रक्कम पुष्कळदा सत्र सुरू झाल्यावर उशिरा हाती पडते. म्हणून पहिल्या काही महिन्यांच्या खाणावळीची तजवीज आधीच असावी. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात जात आहे, तेथे केवळ या एका कारणाने शिक्षण अडू शकते.

राहिला मनाचा प्रश्न. बुद्धघोषाचार्यांनी विसुद्धिमग्गाच्या नवव्या परिच्छेदात चार ब्रह्मविहार समजावताना चार पुत्रांच्या मातेचे उदाहरण दिले आहे. एक तान्हा, एक आजारी, एक तारुण्यात आलेला, एक आपल्या उद्योगात गुंतलेला. तान्ह्याने वाढावे, आजाऱ्याने बरे व्हावे, तरुणाचे यौवन टिकावे असे तिला वाटते. चौथ्याविषयी ती व्यग्र नसते. हीच उपेक्षा. मराठीत या शब्दाला दुर्लक्षाचा वास आला आहे, पालीत तो नाही. उलट अज्ञानजन्य बेफिकिरी ही उपेक्षेची 'निकटची शत्रू' होय, असे त्याच ग्रंथात बजावले आहे. तशीच आसक्ती ही मैत्रीची. दोन्ही शत्रू मित्राच्या वेषात येतात.

दूरध्वनीवर दिवसातून चार वेळा 'जेवलास का' विचारणारी माया आणि 'आता मोठा झाला, त्याचे तो पाहील' म्हणून महिनाभर न विचारणे, यांना ही कसोटी लावून पाहावी. मूल गेल्यावर तिचा उपयोग होतोच. परंतु ते घरी असतानाच, त्याच्या एखाद्या निर्णयात आपण बोलण्यापूर्वी थांबून, तिचा सराव सुरू करता येतो. अकरावी-बारावीची दोन वर्षे त्यासाठी हाताशी असतात.