हाली की कलदार?

आमच्या माहूरला दोन रंग सांभाळावे लागतात. गडावरच्या रेणुकामातेचा शेंदूर आणि सोनापीर दर्ग्यावरच्या चादरीचा हिरवा. ज्यांचे गुडघे आता गड चढू देत नाहीत, ती मंडळी पुण्यात नाहीतर दुबईत बसून मोबाइलवरच दर्शन घेतात. त्यांच्याकडे शेंदूर विटकरी आणि चादर धुवट होऊन पोचते. बरेचदा फोटो चांगलाच निघालेला असतो. घात होतो तो फोटोशॉपमधून चित्र बाहेर काढताना.

संगणक रंग ओळखत नाही, आकडे ओळखतो. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, शून्य ते २५५. पण २५५ लाल म्हणजे नेमका किती लाल? मराठवाड्याच्या माणसाला हे कळायला जड नाही. निजामी राजवटीत हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार असे दोन रुपये होते. सात हाली म्हणजे सहा कलदार. नुसते ‘शंभर रुपये’ म्हणून भागत नसे.

रंगांतला हाली म्हणजे ‘एसआरजीबी’. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी काढलेला, सगळीकडे चालणारा. कलदार म्हणजे १९९८ चा ‘अ‍ॅडोबी आरजीबी’. यात हिरव्याची श्रीमंती अधिक. हालीत जो शुद्ध लाल २५५ ने लिहितात, तोच कलदारात २१९ ने. हिशेब करून पाहा, प्रमाण जवळपास सातास सहाच येते! योगायोगच, पण मला गंमत वाटली.

आकडे कोणत्या नाण्यातले, हे सांगणारी चिठ्ठी चित्राच्या फाइलीत असते. तिला ‘प्रोफाइल’ म्हणतात. ती गळाली की मोबाइल बहुधा सगळे हालीच समजतो. कलदाराचे २१९ हालीत मोजले, की लाल उतरतो. हिरव्याचे नुकसान सर्वांत मोठे.

म्हणून ‘एक्स्पोर्ट’ करताना ‘कन्व्हर्ट टु एसआरजीबी’ आणि ‘एम्बेड कलर प्रोफाइल’ या दोन्ही चौकटींत खूण करावी. ‘असाइन प्रोफाइल’च्या वाटेला मात्र उगाच जाऊ नये. त्यात आकडे तेच राहतात, नाव बदलते. म्हणजे हालीलाच कलदार म्हणणे. ‘कन्व्हर्ट’मध्ये आकडे बदलतात, मोल टिकते. अर्थात फार गडद हिरवा हालीत मावत नाही, थोडी तूट येतेच. तेव्हा मूळ फाइल जपून ठेवावी. फुकट मिळणाऱ्या ‘गिंप’मध्येही ही सोय आहे.

छापखान्याचे नाणे तिसरेच, चार शायांचे. भडक शेंदरी त्यात पुरता उतरत नाही. छापणाऱ्याला त्याचे प्रोफाइल आधी विचारावे, नमुन्याचा कागद मागून घ्यावा आणि तो दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न पाहता दाराशी उजेडात आणून पाहावा.