'प्रोबायोटिक' आणि 'पूरक' : कोंबडीच्या पचनसंस्थेच्या संदर्भात दोन संज्ञांचा विचार

१

पारिभाषिक संज्ञेचा अर्थ संदिग्ध राहिला, तर त्याचा दोष फार तर उत्तरपत्रिकेत उतरतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. व्यवहारात ही समजूत नेहमीच खरी ठरत नाही. परसात किंवा गच्चीवर हौसेने चार-सहा कोंबड्या पाळणारी व्यक्ती, एखादी कोंबडी मलूल दिसू लागताच दुकानातून 'प्रोबायोटिक' असे छापलेली पुडी आणते. त्या क्षणी त्या शब्दाचा तिने लावलेला अर्थ हाच त्या कोंबडीचा उपचार ठरतो. कोंबडी आपले दुखणे शक्य तितका काळ लपवते. ते उघड दिसू लागते तेव्हा हाती फारसा वेळ उरलेला नसतो. म्हणून या संज्ञेचा, आणि तिच्या जोडीने येणाऱ्या 'पूरक' या संज्ञेचा, नेमका अर्थ कोणता व त्यातून कोंबड्या पाळणाऱ्याने काय घ्यावे, याचा विचार येथे केला आहे.

२

'प्रोबायोटिक' हा शब्द घटनेने संकरित आहे. त्याचा पूर्वावयव लॅटिन, तर उत्तरावयव जीवनवाचक ग्रीक शब्दापासून आलेला. १९६५ मध्ये लिली व स्टिलवेल यांनी तो वापरला तेव्हा एका सूक्ष्मजीवाने निर्माण केलेले आणि दुसऱ्याच्या वाढीस साहाय्य करणारे द्रव्य, असा त्याचा अर्थ होता. १९७४ मध्ये पार्कर यांनी तो पशुखाद्याच्या संदर्भात घेतला आणि आतड्यातील सूक्ष्मजीवांच्या समतोलास हातभार लावणारे जीव 'व द्रव्ये' अशी त्याची व्याप्ती केली. या व्याख्येत अतिव्याप्तीचा दोष होता, कारण 'द्रव्ये' म्हटल्यावर प्रतिजैविकांनाही तीत शिरकाव मिळे. १९८९ मध्ये फुलर यांनी 'द्रव्ये' वगळून 'जिवंत' हे विशेषण घातले. पुढे २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 'पुरेशा प्रमाणात' ही अट जोडली. आज सर्वमान्य असलेल्या व्याख्येत अशा रीतीने तीन अटी आहेत : सूक्ष्मजीव जिवंत असावेत, ते पुरेशा संख्येने दिले जावेत आणि आश्रयदात्या प्राण्याला त्यांपासून लाभ व्हावा.

मराठीत 'प्रतिजैविक' ही संज्ञा रूढ आहे. तिच्या धर्तीवर 'अनुजैविक' असा शब्द घडवणे अवघड नाही. परंतु शब्दांची जोडी जुळली की कार्याचीही जोडी जुळते, असा भ्रम त्यातून उत्पन्न होतो. प्रतिजैविक रोग बरा करते, तर अनुजैविकही तसेच, केवळ सौम्य रीतीने, बरा करीत असेल असे वाचकास वाटू लागते. वस्तुतः ही दोन द्रव्ये परस्परांची प्रतिबिंबे नव्हेत. सबब प्रस्तुत लेखात परभाषेतील शब्दच ठेवला आहे. त्याचे कार्य समजावून देण्यासाठी मात्र आपल्या स्वयंपाकघरातील एक जुना शब्द पुरेसा आहे. तो शब्द म्हणजे 'विरजण'.

३

त्यापूर्वी कोंबडीच्या पचनमार्गाची थोडी ओळख करून घ्यावी लागेल. टिपलेला दाणा प्रथम गळ्याखालच्या पिशवीत, म्हणजे अन्नपुटात, साठतो व भिजतो. तेथे लॅक्टोबॅसिलस जातीचे जीवाणू अस्तराला चिकटून राहतात व किंचित आंबवण सुरू करतात. वर उल्लेखिलेल्या फुलर यांनी याच जीवाणूंचा अभ्यास केला होता. पुढे ग्रंथिल जठरात आम्ल व पाचक रस मिसळतात. त्यानंतर पेषणी, म्हणजे जाड स्नायूंचे जाते. कोंबडीला दात नसल्याने गिळलेल्या खड्यांच्या साहाय्याने दाणा येथे भरडला जातो. लहान आतड्यात पोषकद्रव्ये शोषली जातात. शेवटी दोन लांबट अंधनालिका येतात. सूक्ष्मजीवांची सर्वांत दाट वस्ती तेथे असते. दर ग्रॅममागे ती हजार कोटींच्याही पुढे जाऊ शकते. या नालिका दिवसातून काही वेळा रिकाम्या होतात. तेव्हा पडणारी शीट तपकिरी, चिकट व उग्र वासाची असते. नवखे पाळणारे तिलाच हगवण समजून औषधाच्या शोधात निघतात. प्रत्यक्षात ते निरोगीपणाचेच लक्षण होय.

४

दूध नुसते ठेवले तर ते नासते. विरजण लावले तर त्याचे दही होते. दोन्ही प्रसंगी जीवाणू दुधात वाढतातच. फरक आधी कोणी जागा घेतली यात असतो. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाचे आतडे हे विरजण न लागलेल्या दुधासारखे असते. खुडूक कोंबडीखाली उबवलेल्या पिल्लास आईच्या सहवासातून, तिच्या शिटेतून व भोवतालच्या मातीतून हे विरजण आपोआप मिळते. उबवणी यंत्रातील पिल्लू आईला कधी पाहतच नाही.

या उणिवेचे महत्त्व फिनलंडमध्ये सिद्ध झाले. १९७१ मध्ये तेथील मांसल कोंबड्यांत साल्मोनेला इन्फान्टिस या जीवाणूची साथ पसरली. नूर्मी व रांताला यांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव्य नवजात पिल्लांना तोंडावाटे दिले, तेव्हा ती पिल्ले या संसर्गास मोठ्या प्रमाणात दाद देईनाशी झाली. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षास पुढे 'स्पर्धात्मक अपवर्जन' असे नाव मिळाले. उपकारक जीवाणूंनी अस्तरावरील जागा व अन्न आधीच व्यापले आणि आम्ले निर्माण केली, म्हणजे रोगकारकांस थारा मिळत नाही. घरच्या घरी मात्र या प्रयोगाचे अनुकरण करू नये, कारण तपासणी न केलेल्या शिटेतून उपकारक जीवाणूंबरोबर रोगही पिल्लापर्यंत पोहोचतात. १ जानेवारी २००६ पासून युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यातून प्रतिजैविके देण्यास मनाई केली, तेव्हापासून प्रोबायोटिकांकडे व्यापारी लक्षही अधिक वेधले गेले.

विरजणाचा दृष्टांत येथवर जुळतो, आणि त्यातूनच त्याची मर्यादाही कळते. लागलेल्या दह्यात आणखी विरजण घातल्याने विशेष काही साधत नाही. निरोगी प्रौढ कोंबडीच्या आतड्यात वस्ती पूर्वीच पक्की झालेली असते. बाहेरून दिलेले जीवाणू बहुधा तेथे कायमचे स्थिरावत नाहीत आणि देणे थांबले की हळूहळू नाहीसे होतात. म्हणून त्यांचा उपयोग संभवतो तो वस्ती अद्याप बसलेली नसताना किंवा विस्कटलेली असताना : पिल्लाच्या पहिल्या दिवसांत, प्रतिजैविकाचा क्रम संपल्यावर, आणि प्रवास, स्थलांतर किंवा कडक उन्हाळा यांचा ताण पडल्यावर.

५

व्याख्येतील अटी व्यवहारात उतरवल्या, तर पुडीची पारख करता येते. तीवर जीवाणूचे पूर्ण नाव, संख्या आणि मुदत छापलेली असावी. लॅक्टोबॅसिलस उष्णतेने मरतो, म्हणून तो गरम खाद्यात मिसळू नये; बॅसिलस सब्टिलिससारख्या जातींचे बीजाणू उष्णता बऱ्याच अंशी सोसतात. क्लोरिनयुक्त नळाच्या पाण्यात जिवंत जीवाणू घालणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने घेणे होय. प्रतिजैविक चालू असताना जीवाणू दिले, तर त्यांचीही तीच गत होते.

घरच्या दह्याविषयी नेहमी विचारले जाते. पक्ष्यांच्या शरीरात दुधातील शर्करा पचवणारे विकर जवळजवळ नसते. दह्यात ही शर्करा दुधापेक्षा कमी असल्याने चमचाभर दही बहुधा बाधत नाही. अधिक दिल्यास शीट पातळ होते. शिवाय दह्यातील जीवाणू दुधाला सरावलेले असतात. कोंबडीच्या आतड्यात ते तितकेच उपयोगी पडतील असे गृहीत धरता येत नाही.

६

'पूरक' या शब्दाचा अर्थ तर त्याच्या धातूतच आहे : जे उणे आहे ते पुरे करणारे. उणीवच नसेल तर पूरक कशाचे? अंड्यावरील कोंबडीचे समतोल तयार खाद्य ज्यांना मिळते, त्यांना निराळ्या जीवनसत्त्वांची एरवी गरज पडत नाही. उलट शिळा भात, पाव व दाणे यांवरच वाढणाऱ्या कोंबडीची उणीव चूर्णाच्या चिमटीने भरून निघणार नाही. तिचे खाद्यच बदलले पाहिजे.

येथे दोन वस्तूंची गल्लत वारंवार होते. न विरघळणारी बारीक खडी पेषणीतील जात्यासाठी असते. दाणे व हिरवा पाला खाणाऱ्या, पण मातीत चरायला न मिळणाऱ्या कोंबडीस ती वेगळी ठेवावी. शिंपल्यांचा चुरा आम्लात विरघळतो. तो दळण्याच्या कामाचा नसून अंड्याच्या कवचासाठी लागणारा कॅल्शियम पुरवतो. अंड्यावरील कोंबडीस दिवसाला सुमारे ४ ग्रॅम कॅल्शियम लागतो. अंडी न देणाऱ्या तलंगेस मात्र तितकाच कॅल्शियम दिला, तर तिच्या मूत्रपिंडांस अपाय होतो. पाण्यात सिरका घालण्याची प्रथाही आढळते. तसे करायचेच असल्यास जस्ताचा मुलामा दिलेले भांडे टाळावे, कारण आम्लामुळे जस्त पाण्यात उतरते.

७

आता प्रारंभीच्या पुडीकडे वळू. पहाटे, दाणापाणी देण्यापूर्वी, अन्नपुट रिकामे असावयास हवे. ते दगडासारखे घट्ट लागले तर अन्न अडकले आहे. थलथलीत असून तोंडाला आंबूस वास येत असेल तर तेथील अन्न सडत असून बुरशीचा संशय घ्यावा. शिटेत रक्त दिसले तर रक्ती हगवणीची शंका येते. तिचे कारण आयमेरिया हा एकपेशीय परजीवी होय. हिरवट हगवण व मान वाकडी होणे ही मानमोडीची लक्षणे असू शकतात. या रोगाचे इंग्रजी नाव न्यूकॅसल किंवा रानीखेत या गावांवरून पडले. मराठी नाव लक्षणच सांगते आणि म्हणून अधिक उपयोगी आहे. तो विषाणूजन्य असून त्याच्यापासून संरक्षण लसीने मिळते. यांपैकी कोणत्याही प्रसंगी प्रोबायोटिक हा उपाय नव्हे. आजारी पक्षी वेगळा करावा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकास दाखवावा.

तात्पर्य, 'प्रोबायोटिक' या शब्दाने जे सूचित होते ते विरजण होय, औषध नव्हे. विरजण योग्य वेळी, जिवंत आणि पुरेसे लावले तर दही उत्तम लागते. नासलेले दूध मात्र कोणत्याही विरजणाने सुधारत नाही.