गार भाताच्या मुलखात सँडविच

लहानपणच्या आवडत्या सँडविचचा विषय निघाला की मराठी लेखक हमखास मुंबईच्या गाडीकडे वळतात. हिरवी चटणी, बीट, काकडी, उकडलेला बटाटा, वरून मस्का. गोंदिया जिल्ह्याला ही वाट लागू पडत नाही. 1999 साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा; तळी, बांध्या आणि राइस मिलचा. तरीही इथल्या घरांत आलू भरलेलं, तव्यावर शेकलेलं सँडविच आता पाहुण्यासारखं राहिलेलं नाही. त्याचं मूळ साहेबाच्या टेबलावर किंवा चौपाटीवर शोधण्यापेक्षा गार झालेल्या भातात शोधावं, असं माझं म्हणणं आहे.

तांदूळ गरम असतो तोवर मऊ. गार झाला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, आणि गव्हासारखं ग्लुटेन नसल्याने तांदळाच्या पिठाला ताण सोसत नाही. जिल्ह्यातल्या सालेकसा-देवरीच्या पलीकडे छत्तीसगड सुरू होतो. त्या बाजूचा तांदळाचा चिला घ्या. पातळ पीठ तापल्या लोखंडी तव्यावर ओतायचं, वर झाकण ठेवायचं, कडा सुटल्या की उलथन्याने काढून टमाटर-मिरचीच्या चटणीसोबत चुलीपाशीच खायचा. तेव्हा तो घडी घालू देतो. तासाभराने तोच चिला वातड होतो आणि दुमडला की चिरतो. उरलेला भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा-मीठ लावून खाण्याची त्या भागातली रीत शेतकऱ्याच्या सोयीची, पण ते पाणीदार अन्न दप्तरात कसं न्यायचं? घराबाहेर नेऊन चार तासांनी खायचं कोरडं, मऊ अन्न तांदूळ सहजी देत नाही. ती जागा आधी तेल लावून गुंडाळलेल्या पोळीने घेतली आणि पुढे ब्रेडने.

ब्रेडला वाट करून दिली ती रुळांनी आणि बेकऱ्यांनी. नागपूर-राजनांदगाव लोहमार्ग 1882 मध्ये पूर्ण झाला, पुढे तो बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेला, आणि जबलपूरची अरुंद रुळांची गाडी येऊन मिळाल्यावर गोंदिया मोठं जंक्शन झालं. पण स्टेशनावर मिळणारा पदार्थ घरात शिरायला स्वस्त, कापलेला ब्रेड लागतो. कापून विकायच्या ब्रेडची सुरुवात 1928 साली अमेरिकेत झाली. आपल्याकडे ब्रेड सामान्य घरापर्यंत नेण्यात 1965 साली स्थापन झालेल्या सरकारी मॉडर्न बेकरीजचा वाटा मोठा. गंमत अशी की ब्रेडही स्टार्चमुळेच शिळा होतो. मात्र उष्णता मिळाली की पुन्हा मऊ पडतो. काल आणलेला ब्रेड आज तव्यावर तेल सोडून किंवा गॅसवरच्या जाळीच्या चिमट्यात शेकायचा, हे म्हणूनच चवीइतकंच काटकसरीचं शहाणपण आहे. आत काय? आलूबोंड्याचंच सारण: उकडलेला आलू, हिरवी मिरची, हळद, भरपूर सांबार. मुंबईकराने सांबार म्हणजे कोथिंबीर समजावी, नाहीतर घोटाळा होईल.

यावर पहिला आक्षेप अंगाकरचा. शिजलेला भात तांदळाच्या पिठात मळून, पळसाच्या पानांत घालून निखाऱ्यावर भाजलेली ही जाड रोटी गारही खाता येते. मग तांदळाला डब्यात जागा नव्हती असं कसं म्हणावं? आक्षेप वजनदार आहे. पण अंगाकरला निखारे हवेत आणि सवड हवी. 2016 च्या उज्ज्वला योजनेआधीच शहरी घरांत गॅस आला होता, आणि गॅसच्या शेगडीवर निखारा कुठून आणणार? सकाळच्या घाईत अंगाकर मागे पडली ती चवीत हरून नव्हे. दुसरा आक्षेप व्याख्येचा: गुंडाळलेल्या पोळीला सँडविचच्या पंक्तीत बसवणं ही ओढाताण आहे. 2006 साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका न्यायालयाने भाडेकराराच्या वादात बरीटो, म्हणजे सारण गुंडाळलेली मेक्सिकन पोळी, हे सँडविच नव्हे असा निर्णय दिला, कारण सँडविचला ब्रेडचे दोन तुकडे लागतात. भाडेकरारासाठी ते ठीक. स्वयंपाकघराचा इतिहास लिहिताना पदार्थाचा आकार पाहण्यापेक्षा तो कोणाचं काम करतो हे पाहावं लागतं.

तिसरा आक्षेप मला अंशतः मान्य आहे. शालेय पोषण आहारामुळे सरकारी शाळेतलं मूल दुपारी शाळेतच गरम भात-खिचडी खातं. त्याला डब्याची गरजच नाही. म्हणजे सँडविच हे मुख्यतः खासगी शाळेच्या डब्याचं आणि रविवारच्या नाश्त्याचं अन्न, साऱ्या जिल्ह्याचं नव्हे. पण यातून मूळ मुद्दा बळकटच होतो: जिथे गरम भात मिळतो तिथे ब्रेडला कोणी विचारत नाही. या बदलाची नोंद कोणत्याही गॅझेटियरमध्ये सापडणार नाही, ती घरातल्या मोठ्यांकडेच आहे. दिवाळीला घरी जमाल तेव्हा आजीला, मावशीला एवढंच विचारा की शाळेच्या डब्यात पोळी कधी आली आणि ब्रेड कधी, आणि उत्तर साल घालून लिहून ठेवा.