दोस्त ऑनलाइन, आपण दाराबाहेर!

शनिवारी रात्री नऊ वाजता पुण्यात जेवणं उरकलेली असतात, बंगळुरूत क्लायंटला शेवटचा मेल गेलेला असतो आणि न्यू जर्सीत सकाळची दुसरी कॉफी चालू असते. कॉलेजच्या कट्ट्यावरचे आम्ही चौघं या वेळेला माइनक्राफ्टमध्ये भेटतो. दोन वर्षांपासून मिळून एक गाव बांधतोय. गाव हे निमित्त हो! खऱ्या असतात त्या गप्पा. अप्रायझल, ईएमआय, कुणाचं बाळ, कुणाचं व्हिसाचं लफडं. चार शहरांत पांगल्यावर हाच एक कट्टा उरलाय.

हे गाव होतं आमच्या नागपूरवाल्याच्या कॉम्प्युटरवर. त्याने घर बदललं, नवं कनेक्शन घेतलं. आधीच्या दुप्पट स्पीड! आणि त्याच शनिवारपासून आमच्यापैकी एकालाही त्याच्याकडे शिरता येईना. पहिल्या शनिवारी दोन तास खटपट. दुसऱ्या शनिवारी अर्धा तास. तिसऱ्या शनिवारी ग्रुपवर नुसता मेसेज, 'जाऊ दे रे, पुढच्या वेळी बघू.' बॉस, ऑनलाइन कट्टे असेच मोडतात. कुणी भांडत नाही, कुणी दार आपटून जात नाही. नुसतं 'पुढच्या वेळी' होत राहतं. म्हणून चौथ्या शनिवारी आम्ही ठरवलं, आज दुरुस्तीच करायची.

मेसेज वाचा राव!

गेम जोडला नाही की आपण काय करतो? स्पीड टेस्ट. मग राउटर बंद-चालू. कस्टमर केअरवालेही हेच सांगतात. पण गेमला स्पीड फारच थोडा लागतो. अडतं ते बहुतेक वेळा दुसरीकडेच, आणि कुठे ते स्क्रीनवर लिहिलेलं असतं!

'अननोन होस्ट' म्हणजे पत्ता टाइप करताना घोळ झालाय किंवा तुमच्या नेटला ते नाव सापडत नाहीये. 'आउटडेटेड क्लायंट' आलं तर खूश व्हा, कारण रस्ता मोकळा आहे, फक्त तुमचं व्हर्जन मित्राच्या मागे आहे. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे तुम्ही दारापर्यंत पोचलात, पण आत कुणी नाही. मित्राचा सर्व्हर सुरू नाही किंवा पोर्टचा नंबर चुकलाय. आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणजे हाका मारल्या, पण उत्तरच आलं नाही. आमच्या नशिबी हाच मेसेज होता.

आधी घरातलं तपासा

ऑफिसचा व्हीपीएन चालू राहिलाय का? आयटीवाल्यांनो, हा तुमच्यासाठी! तो चालू असेल तर गेमसुद्धा कंपनीच्या नेटवर्कमधून जायला बघतो आणि अडकतो. दुसरं, फायरवॉल. गेम पहिल्यांदा सुरू करताना विंडोज परवानगी विचारतं. तेव्हा घाईत 'कॅन्सल' दाबलं असेल, तर बाहेरून येणारा प्रत्येक जण अडतो. सेटिंगमध्ये जाऊन त्या गेमला, माइनक्राफ्टच्या बाबतीत जावाला, परवानगी द्या. अख्खी फायरवॉल मात्र बंद करू नका. तिसरं, मित्रांना पाठवलेला पत्ता '१९२.१६८'ने सुरू होतो का? मग तो फक्त तुमच्या घरात चालतो. न्यू जर्सीला त्याचा शून्य उपयोग!

वॉचमनचा फंडा

हे सगळं ठीक असेल, तर मामला राउटरचा. राउटर म्हणजे सोसायटीचा वॉचमन समजा. तुम्ही मागवलेलं पार्सल तो आत सोडतो, पण फ्लॅट नंबर न सांगणाऱ्या पाहुण्याला गेटवरूनच परत पाठवतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्याला देऊन ठेवलेली चिठ्ठी, की '२५५६५ विचारत कुणी आलं तर या कॉम्प्युटरकडे पाठव.' माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीच्या सर्व्हरचं हे नेहमीचं पोर्ट.

नागपूरवाल्याने चिठ्ठी दिलीच होती. तरी टाइम आउट! कारण त्याच्या सोसायटीच्या बाहेर अख्ख्या टाउनशिपचं आणखी एक गेट होतं, आणि तिथला वॉचमन त्याचं ऐकत नव्हता. याला म्हणतात सीजी-नॅट. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात सुमारे ४३० कोटीच. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. त्यामुळे अनेक कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच पत्ता वापरायला देतात. ब्राउझिंगला, सिनेमे बघायला काही फरक पडत नाही. पण तुमच्या घरी कुणाला बाहेरून यायचं असेल, तर रस्ता बंद.

ओळखायचं कसं? राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि 'माझा आयपी' सांगणाऱ्या साइटवरचा पत्ता ताडून बघा. वेगळे निघाले तर मध्ये आणखी एक गेट आहे. कधी कधी ते घरातलाच दुसरा राउटर असतो. पण राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टापूत असेल, तर सीजी-नॅट नक्की.

मग उपाय?

सगळ्यात सोपा आणि फुकटचा: यजमान बदला! दार उघडं लागतं ते फक्त यजमानाचं. जाणारा सीजी-नॅटमागे असला तरी आरामात जातो. आम्ही गावाचं फोल्डर कॉपी करून माझ्या पुण्याच्या कॉम्प्युटरवर आणलं, राउटरला चिठ्ठी दिली आणि वीस मिनिटांत चौघंही चौकात उभे! नागपूरवाला सगळ्यात आधी पोचला. घरातल्या शेतात पेरणी करायची राहिलीय, म्हणाला, जणू मध्ये तीन शनिवार गेलेच नव्हते.

यजमान बदलणं शक्य नसेल तर कंपनीकडे पब्लिक आयपी मागा. बऱ्याच ठिकाणी महिन्याला थोडे जादा पैसे भरून मिळतो. नाहीतर टेलस्केल, झीरोटियर यांसारख्या सॉफ्टवेअरने सगळ्यांचं मिळून एक खासगी नेटवर्क करा. आणि दार उघडाल तेव्हा सर्व्हरवर व्हाइटलिस्ट चालू ठेवा, म्हणजे फक्त ओळखीचेच आत येतील.

कन्सोलवाल्यांनी सेटिंगमधला नॅट टाइप बघावा. एक्सबॉक्सवर 'स्ट्रिक्ट'वाल्याचं फक्त 'ओपन'वाल्याशी जमतं. दोघंही स्ट्रिक्ट असाल, तर पार्टीत गप्पासुद्धा अडतात. राउटरमधलं यूपीएनपी चालू केलं की पुष्कळदा काम होतं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सेटिंगने सुटत नाही, ती म्हणजे अंतर. पुणे ते न्यू जर्सी सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद तरी लागणारच, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. नेमबाजीच्या गेममध्ये तेवढ्यात तुमचा गेम झालेला असतो! गाव बांधायला मात्र चालतं. तेव्हा मित्र लांब असतील तर गेमही तसाच निवडा.

आणि ग्रुपमधलं कुणी 'तुम्ही खेळा, माझं नेट बोंबललंय' म्हणालं, तर 'ओके' टाइप करून मोकळे होऊ नका. फोन लावा आणि विचारा, 'स्क्रीनवर नेमकं काय लिहिलंय, वाच बघू.'